जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष बंद करून एकच मोठे केंद्र करावे का?

प्रश्न असा आहे: दहा जिल्ह्यांचे आपत्कालीन नियंत्रण कक्ष बंद करून सगळे कॉल एकाच केंद्रात घेण्याचा प्रस्ताव आहे. प्रत्येक कक्षात बराच वेळ माणसे रिकामी बसलेली दिसतात, म्हणून खर्च वाचेल असे सांगितले जाते. स्थानिक कक्ष टिकवण्याच्या बाजूने भावनेपलीकडचे काही तांत्रिक मुद्दे आहेत का?

आहेत, आणि बरेच आहेत. पण आधी समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा नीट समजून घ्या. तो माहीत नसेल तर बैठकीत पहिल्या पाच मिनिटांतच तुमची बाजू पडेल.

तो मुद्दा रांगेच्या गणिताचा आहे. समजा, एका जिल्ह्यात तासाला २० कॉल येतात आणि एका कॉलला सरासरी ३ मिनिटे लागतात. म्हणजे ६० मिनिटांत ६० मिनिटांचे बोलणे, सरासरी एक माणूस सतत फोनवर. दूरसंचाराच्या भाषेत हा १ एर्लांगचा भार. दहा सेकंदांत ९५ टक्के कॉल उचलायचे ठरवले तर एर्लांग-सी सूत्राने (कॉलला रांगेत किती थांबावे लागेल ते काढणारे सूत्र) ३ माणसांवर साधारण ९२ टक्के येतात आणि ४ माणसांवर ९८ टक्के. म्हणजे जिल्ह्याला ४ खुर्च्या, दहा जिल्ह्यांना ४०. हाच भार एका ठिकाणी आणला तर तो १० एर्लांग होतो आणि तेच उद्दिष्ट १६ खुर्च्यांत जवळपास ९६ टक्क्यांनी गाठता येते. चाळीसच्या जागी सोळा. एक खुर्ची वर्षभर चोवीस तास भरायची म्हणजे ८७६० तास. सुट्ट्या, आजारपण आणि प्रशिक्षण वजा करून एक माणूस वर्षाला सुमारे १७५० तास प्रत्यक्ष बसतो. म्हणजे खुर्चीमागे ५ माणसे. वाचलेल्या २४ खुर्च्या म्हणजे कागदावर १२० पगार. सल्लागार ही आकडेमोड दाखवतात ती चुकीची नसते. अपुरी असते.

पहिली उणीव अशी की त्यात फक्त फोन उचलणे मोजलेले आहे. गाडी पाठवणे, वायरलेसवर तिच्याशी बोलत राहणे, दुसरी गाडी मागवणे, रुग्णालयाला कळवणे, वीज कंपनीला लाइन बंद करायला सांगणे हे काम एकत्र केल्याने कमी होत नाही. एका डिस्पॅचरने, म्हणजे वायरलेसवर गाड्या पाठवणाऱ्याने, एका वेळी एक चॅनेल ऐकावे, शांत वेळी फार तर दोन. दहा जिल्ह्यांचे दहा चॅनेल मोठ्या केंद्रातही दहाच राहतात. तेव्हा मोठ्या केंद्राचा खरा हिशेब १६ अधिक १०, म्हणजे २६ खुर्च्या. स्थानिक कक्षात मात्र तीच माणसे फोनही घेतात आणि वायरलेसही सांभाळतात. तिघे फोनवर, एक वायरलेसवर. फोन थंड असला की दुसरा माणूस वायरलेसला हात देतो.

पण तिघांवर ९२ टक्केच येतात, मग उद्दिष्टाचे काय? उरलेले ८ टक्के कॉल शेजारच्या जिल्ह्याकडे वळवा. दहा सेकंद घंटा वाजली आणि कोणी उचलले नाही, तर कॉल आपोआप पुढच्या कक्षात जातो. तासाला वीस कॉलांमधले दीड-दोन कॉल. म्हणजे जिल्ह्याला एकूण ४ खुर्च्या, दहा जिल्ह्यांना ४० विरुद्ध मोठ्या केंद्राच्या २६. फरक उरतो, तो नाकारू नका. पण २४ खुर्च्यांची बचत १४ वर आली. त्यातून मोठ्या केंद्राचे पर्यवेक्षक, नकाशा अद्ययावत ठेवणारा गट, जिल्ह्यांशी समन्वय ठेवणारे अधिकारी आणि ज्याशिवाय असे केंद्र चालवूच नये ते दुसऱ्या शहरातले पूर्ण पर्यायी केंद्र वजा करा. मग काय उरते ते पाहा. प्रस्तावात ही वजाबाकी बहुतेक वेळा नसते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. एर्लांगचे सूत्र असे गृहीत धरते की कॉल एकमेकांशी संबंध नसताना येतात. आपत्तीत ते तसे येत नाहीत. हमरस्त्यावर बस उलटली की तीन मिनिटांत तीस जण फोन करतात आणि सगळे एकच गोष्ट सांगतात. प्रत्येक कॉल दीड मिनिटाचा धरला तर त्या तीन मिनिटांपुरता १५ एर्लांगचा जादा भार येतो. सोळा खुर्च्यांच्या केंद्रात आधीच दहा भरलेल्या असतात. त्या क्षणी नवव्या जिल्ह्यात कोणाचे हृदय बंद पडले असेल, तर त्याच्या घरचे लोक बस पाहणाऱ्या तिसाव्या माणसाच्या मागे रांगेत उभे राहतात. छातीवर दाब मिळाला नाही तर हृदयक्रिया थांबलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. स्थानिक कक्ष वेगळे असते तर त्या एका जिल्ह्याचा कक्ष गुदमरला असता आणि बाकी नऊ मोकळे राहिले असते. प्रस्तावात ज्याला ‘रिकामी बसलेली माणसे’ म्हटले आहे, ती अशा वेळची राखीव क्षमता असते.

अर्थात शेजाऱ्याकडे कॉल वळवण्याची सोय केली की हाच लोंढा शेजाऱ्यावरही जाऊ शकतो. म्हणून मर्यादा बांधावी लागते: पाहुण्या कॉलांसाठी शेजाऱ्याने जास्तीत जास्त अर्ध्या खुर्च्या द्यायच्या, बाकीच्या त्याच्या स्वतःच्या लोकांसाठी. ही मर्यादा टेलिफोन स्विचमध्ये (कॉल जोडून देणाऱ्या यंत्रात) घालता येते. ती घातलेली आहे का, हे फार थोडे लोक विचारतात.

आता यंत्रणा बंद पडण्याबद्दल. एकच केंद्र म्हणजे बिघाडाची एकच जागा, हे सगळ्यांना पटते. त्यावर उत्तर मिळते की पर्यायी केंद्र आहे. तेव्हा पर्यायी केंद्र असूनही काय झाले याची दोन उदाहरणे.

अमेरिकेत ९ एप्रिल २०१४ च्या मध्यरात्रीपासून पुढे काही तास सात राज्यांतील ८१ कॉल केंद्रांत ९११ या आपत्कालीन क्रमांकाचे कॉल पोहोचत नव्हते. १ कोटी १० लाखांहून अधिक लोकवस्तीला झळ बसली आणि ६६०० हून जास्त कॉल वाया गेले. ना वादळ होते ना भूकंप. कोलोरॅडोतील एंगलवूड येथे कॉल वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कॉलला क्रमांक देणारा एक मोजक होता आणि त्याला कमाल मर्यादा घातलेली होती. मोजक तिथे पोहोचला आणि नव्या कॉलला क्रमांक मिळेना. मायामीत दुसरे केंद्र तयार होते. पण यंत्र ‘चालू’ दिसत होते, म्हणून कॉल आपोआप तिकडे गेले नाहीत. पूर्ण बंद पडलेल्या यंत्रापेक्षा अर्धवट चालणारे यंत्र जास्त घातक असते, कारण पर्यायी यंत्रणा जागीच होत नाही. कॉल केंद्रे शाबूत होती, माणसे खुर्चीत बसलेली होती. सात राज्यांचे कॉल वाटण्याचे काम तेवढे एका जागी आणले होते.

ब्रिटनमध्ये २५ जून २०२३ रोजी ९९९ या आपत्कालीन क्रमांकाच्या सेवेत साडेदहा तास व्यत्यय आला आणि सुमारे १४ हजार कॉल जोडले गेले नाहीत. मूळ कारण सर्व्हरवरच्या एका फाइलमधली चूक. पर्यायी यंत्रणेवर जाण्याचा पहिला प्रयत्न फसला, कारण त्यासाठीच्या सूचना नीट लिहिलेल्या नव्हत्या आणि करणाऱ्याच्या हातून चूक झाली. नियामक संस्था ऑफकॉमने पुढच्या वर्षी ही सेवा चालवणाऱ्या बीटी कंपनीला १ कोटी ७५ लाख पौंड दंड केला.

या दोन्ही घटनांतून तुमच्या बैठकीसाठी एक प्रश्न मिळतो: पर्यायी केंद्रावर गेल्या वर्षात किती वेळा, न सांगता, कामाच्या दिवशी, खरे कॉल वळवून पाहिले? ‘चाचणी झाली आहे’ हे उत्तर चालणार नाही, तारखा मागा. महिन्यातून एकदा निदान दोन तास खरे कॉल पर्यायी मार्गाने गेले नसतील, तर तो मार्ग चालेलच असे धरून चालू नये.

कॉल कसाबसा आला तरी पुढे गाडीपर्यंत निरोप जायचा असतो, आणि दूरच्या केंद्राचा सर्वांत दुबळा सांधा तिथे आहे. टेट्रा किंवा पी-२५ सारख्या ट्रंकिंग वायरलेस यंत्रणेत (पोलीस, अग्निशमन दले वापरतात ती; तिच्यात मुख्य स्विच चॅनेल वाटून देतो) टॉवरचा मुख्य स्विचशी संपर्क तुटला की टॉवर एकटा चालू राहतो. त्याच्या टप्प्यातले सेट एकमेकांशी बोलू शकतात. बाहेरच्या जगाशी नाही. डिस्पॅचर दोनशे किलोमीटरवर बसलेला असेल आणि त्याचा आवाज फायबरवरून टॉवरपर्यंत येत असेल, तर तो त्या क्षणी गायब होतो. गाड्या आपसांत बोलत राहतात, पण कुठे जायचे हे सांगणारा कोणी नसतो. डिस्पॅचर त्याच टॉवरच्या टप्प्यात असेल आणि त्याच्या टेबलावर छपरावरच्या अँटेनाला जोडलेला साधा वायरलेस सेट असेल, तर तो बोलत राहतो. त्या सेटला १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी लावा. ऐकताना असा सेट एखादा अँपिअर घेतो, बोलताना आठ-दहा. दहा टक्के वेळ बोलणे धरले तर निम्म्या बॅटरीतही जवळपास पूर्ण दिवस निघतो. इतक्या स्वस्तात मिळणारे संरक्षण या क्षेत्रात दुसरे नाही.

पूर, भूकंप किंवा वादळात फायबर बऱ्याचदा पुलावर तुटते, कारण केबल पुलाच्या कडेने नेलेली असते. दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याचदा दोन्ही एकाच नळीतून जात असतात आणि एकच जेसीबी दोन्ही तोडतो. दोन्ही लाइनचे मार्ग नकाशावर काढून मागा, त्या इमारतीत वेगवेगळ्या बाजूंनी शिरतात का ते स्वतः जाऊन पाहा. हे स्थानिक कक्षालाही लागू आहेच. फरक इतका की स्थानिक कक्षाची लाइन तुटली तर वायरलेस आणि दारात येणारा माणूस हे दोन मार्ग शिल्लक असतात.

आता पत्त्याकडे वळू. स्थानिक ज्ञानाचा मुद्दा बहुतेक लोक ‘आमच्या लोकांना गावे माहीत आहेत’ इतक्यावर आणून सोडतात. समोरचा लगेच म्हणतो, आता मोबाइल आपोआप स्थान पाठवतो. ते खरे आहे. प्रगत मोबाइल स्थाननिश्चिती, म्हणजे एएमएल, ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये सुरू झाली. अँड्रॉइडमध्ये ती २०१६ पासून आणि आयफोनमध्ये २०१८ पासून आहे. जिथे ती चालू आहे तिथे कॉलसोबत मिळणारे स्थान बऱ्याचदा ५० मीटरच्या आत असते, तर नुसत्या टॉवरवरून काही शे मीटरपासून अनेक किलोमीटरपर्यंतचा अंदाज मिळतो. ही मोठी सुधारणा आहे आणि स्थानिक कक्षानेही ती आधी घ्यावी. पण ती तीन गोष्टी सांगत नाही. पहिली, कुठला मजला. दुसरी, फोन करणारा घटनेपासून दूर असेल तर घटना कुठे आहे. आगीचा धूर पाहणारा नदीच्या पलीकडून बोलत असतो, आणि आजारी आईसाठी मुलगा दुसऱ्या शहरातून. तिसरी, तिथे जायचे कसे. नकाशावरचा ठिपका रुळांच्या या बाजूला की त्या, फाटकाला कुलूप आहे का, पूल किती टनांचा भार सोसतो, कमानीखालून बंब जातो का, पाणी कुठे भरता येईल.

ही माहिती कोणाच्या डोक्यात असते म्हणून स्थानिक कक्ष चांगला, असे मी म्हणणार नाही. डोक्यातली माहिती शिफ्ट संपली की घरी जाते. ती स्थळसूचीत लिहिलेली हवी. एका ठिकाणाची प्रचलित नावे (सरकारी नाव, जुने नाव, लोक बोलतात ते नाव), एकाच नावाची दुसरी ठिकाणे कुठे आहेत, गाडी कोणत्या फाटकातून न्यायची, उंची आणि वजनाची मर्यादा, पाण्याची जागा. स्थानिक कक्षाचा फायदा सूची दुरुस्त होण्याच्या वेगात आहे. रात्री गाडी चुकली, पहाटे चालक कक्षात आला, सांगितले, सकाळी नोंद बदलली. मोठ्या केंद्रात तोच चालक अर्ज भरतो, अर्ज नकाशा गटाकडे जातो, ते पडताळणी करतात, पुढच्या अद्ययावत आवृत्तीत बदल येतो. दोन-तीनदा असे झाले की चालक अर्ज भरणे सोडतो. स्थळसूची कुजते ती अशी, आणि ती कुजलेली आहे हे कोणत्याही मासिक अहवालात दिसत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. एकाच अपघाताचे तीस कॉल आले की ते सारे एकाच घटनेत जोडावे लागतात. सॉफ्टवेअर साधारणपणे ‘५०० मीटरच्या आत, दहा मिनिटांच्या आत’ अशा नियमाने सुचवते. चूक दोन्हीकडे होते. एकच अपघात दोन वेगळ्या वर्णनांमुळे दोनदा नोंदला जातो आणि दुप्पट गाड्या जातात. किंवा मागे चारशे मीटरवर दुसरी धडक झालेली असते आणि ‘ते माहीत आहे, गाडी निघाली आहे’ म्हणून फोन ठेवला जातो. ही दुसरी चूक जीवघेणी. चार जणांच्या खोलीत एकमेकांचे बोलणे कानावर पडते. ‘याने पांढरी गाडी म्हटले, माझ्याकडे टँकर आहे’ हे कोणीतरी बोलून जातो. मोठ्या केंद्राच्या दालनात हेडफोन लावलेल्या माणसाला शेजारचाही ऐकू येत नाही. मोठे केंद्र झालेच, तर निदान एका भागाचे कॉल घेणारे आणि त्या भागाचा डिस्पॅचर एकाच टेबलाभोवती बसवा.

कॉल दुसऱ्याच्या हाती देण्याची किंमतही मोजा. दोन पायऱ्यांच्या पद्धतीत पहिला माणूस ‘कोणती सेवा हवी’ एवढे विचारून पुढे जोडतो. तो फक्त जोडणारा असेल आणि काही सेकंदांत बाजूला होत असेल तर ठीक. तो पत्ता, नाव, काय झाले हे सगळे लिहून घेतो आणि पुढचा पुन्हा तेच विचारतो, हे सर्वांत वाईट. घाबरलेला माणूस दुसऱ्यांदा सांगताना तपशील गाळतो. त्याला वाटते, एकदा सांगितले आहे. मोठ्या केंद्राने कॉल घेऊन जिल्ह्याला निरोप देण्याची मिश्र पद्धत तुमच्या प्रस्तावात असेल, तर नोंद पडद्यावर शब्दशः आणि त्याच क्षणी जिल्ह्यात उमटते का, आणि जिल्ह्याचा माणूस चालू कॉलमध्ये मध्येच बोलू शकतो का, हे विचारा. दोन्हीची उत्तरे ‘होय’ असायला हवीत.

विलीनीकरणाचा काळ स्वतःच धोक्याचा असतो. स्कॉटलंडमध्ये २०१३ साली आठ पोलीस दलांचे एक दल झाले आणि नियंत्रण कक्षही कमी करायला सुरुवात झाली. जुलै २०१५ मध्ये एम-९ महामार्गाजवळ रस्ता सोडून खाली गेलेल्या गाडीविषयी एकाने फोन केला. तो कॉल घेतला गेला, पण संगणकात नोंदला गेला नाही. गाडी तीन दिवसांनी सापडली आणि आतले दोघे वाचले नाहीत. २०२१ मध्ये पोलीस दलाने न्यायालयात दोष कबूल केला आणि १ लाख पौंड दंड झाला. कॉल कागदावर लिहून नंतर यंत्रात भरायची सवय, अपुरी माणसे आणि बदलत्या यंत्रणा एकत्र आल्या की चुकलेला कॉल पकडणारी जाळीच राहत नाही. ‘फोन उचलला पण घटना तयार झाली नाही’ अशा कॉलांची यादी दर तासाला आपोआप पर्यवेक्षकासमोर यायला हवी. ही सोय टेलिफोन स्विच आणि घटना नोंदणीचे सॉफ्टवेअर यांचा मेळ घालून होते, महाग नाही, आणि स्थानिक कक्षातही तितकीच गरजेची आहे.

पैशांच्या बाजूने सर्वांत मोठा धडा इंग्लंडच्या अग्निशमन सेवेचा. २००४ मध्ये फायरकंट्रोल नावाचा प्रकल्प सुरू झाला: ४६ स्थानिक कक्ष बंद करून ९ प्रादेशिक केंद्रे. डिसेंबर २०१० मध्ये तो रद्द झाला. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०११ च्या अहवालानुसार किमान ४६ कोटी ९० लाख पौंड वाया गेले. काही इमारती आधीच बांधून झाल्या होत्या आणि रिकाम्या इमारतींचे भाडे चालू राहिले. स्थानिक दलांना विश्वासात घेतले नव्हते, त्यांना ही यंत्रणा स्वीकारायला लावण्याचा अधिकारही केंद्र सरकारकडे नव्हता, आणि सॉफ्टवेअर वेळेत तयार झाले नाही. त्यानंतर काय घडले ते तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे. डेव्हन-सॉमरसेट, हॅम्पशर आणि डॉर्सेट-विल्टशर यांच्या दलांनी आपापले कक्ष ठेवले, पण यंत्रणा एकच घेतली. एका कक्षावर ताण आला किंवा तो बंद पडला तर दुसरा त्याचे कॉल घेतो आणि त्याच्या गाड्याही पाठवू शकतो.

मी तुम्हाला हाच नमुना मांडायला सांगेन. जाळे, सॉफ्टवेअर, स्थळसूचीचा आराखडा, दुभाषी, प्रशिक्षण, खरेदी एकत्र. खुर्च्या, वायरलेस आणि गाडी पाठवण्याचा निर्णय जिल्ह्यात. कॉल आयपीवर (इंटरनेटच्या पद्धतीने) आणि नव्या पिढीच्या ११२ किंवा ९११ मानकांप्रमाणे आला की तो कुठे वाजवायचा हे नियमाने ठरवता येते: आधी जिल्हा, दहा सेकंदांनी शेजारी, तिथेही गर्दी असेल तर तिसरा. कॉलसोबत स्थानही जाते. मोठ्या केंद्राचा रांगेच्या गणितातला फायदा तुम्हाला बऱ्याच अंशी इथेच मिळतो.

मात्र शेजाऱ्याकडे कॉल जाणे पुरेसे नाही, हे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत (१४ जून २०१७) दिसले. लंडनच्या कक्षावर ताण आल्यावर अनेक कॉल इतर दलांच्या कक्षांनी घेतले. पण तिथल्या माणसांना घटनास्थळी काय चालले आहे, रहिवाशांना घरातच थांबा म्हणायचे की बाहेर पडा, याची ताजी माहिती मिळत नव्हती. चौकशी अहवालाने मदत करणाऱ्या कक्षांना यजमान कक्षाची (जिथली घटना, त्या कक्षाची) माहिती मिळण्याची सोय शोधायला सांगितले. म्हणजे कॉल वळवण्याआधी घटनेची नोंद दोन्हीकडे दिसली पाहिजे, आणि त्यात वरच्या बाजूला, ठळक, ‘आत्ता लोकांना काय सांगायचे’ ही एक ओळ हवी. ती ओळ बदलली की सगळ्या पडद्यांवर आवाज व्हायला हवा.

आता तुमच्याच बाजूच्या दुबळ्या जागा. रात्री एकच माणूस बसत असेल तर त्या कक्षाचे समर्थन करू नका. एकट्याने फोनवर छाती दाबायची लय सांगत राहायची आणि त्याच वेळी वायरलेसवर गाडी पाठवायची हे होत नाही, आणि दुसरा फोन तर वाजणारच. किमान दोन, शक्यतो तीन. ते परवडत नसेल तर शेजारच्या जिल्ह्याशी रात्रीपुरती जोडणी करा किंवा दोघांचा एक कक्ष करा. स्थानिक म्हणजे जितके लहान तितके चांगले, असा हट्ट नको. फिनलंडने १५ केंद्रांवरून ६ वर येऊन ती एकमेकांना जोडली आहेत आणि तिथे एका केंद्राचे कॉल दुसरे केंद्र घेते. अशी व्यवस्था चालू शकते. पण तिथेही एक केंद्र नाही, सहा आहेत.

सीमेवरचे कॉलही लहान कक्षांची डोकेदुखी. टॉवर एका जिल्ह्यात, माणूस दुसऱ्यात. फोनच्या स्थानावरून कॉल वळवला तर हे बरेच कमी होते; अमेरिकेच्या नियामकाने २०२४ मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्यांना तशी सक्ती केली. तोवर प्रत्येक सीमेवरच्या टॉवरची यादी करून कोणाचे किती कॉल चुकून येतात ते मोजा आणि टॉवरची वाटणी बदलून घ्या. वीजपुरवठ्याचेही तेच. यूपीएस निदान अर्धा तास, जनरेटरला तीन दिवसांचे डिझेल, महिन्यातून एकदा अर्धा तास खऱ्या भारावर चाचणी. भाराविना चालवून पाहणे निरुपयोगी. जनरेटर नेमका वेळेवर चालत नाही तो बहुतेकदा सुरुवातीची बॅटरी मेल्याने, डिझेलमध्ये पाणी साचल्याने किंवा पुरवठा बदलणारा स्विच अडकल्याने. कक्षात हे नसेल तर विलीनीकरणवाले पहिला फोटो त्याचाच दाखवतील.

बैठकीआधी वर्षभराची नोंद हाती घ्या. प्रत्येक कॉलच्या या वेळा लागतील: पहिली घंटा, उचलला, ठिकाण नक्की झाले, गाडीला सांगितले, गाडीने होकार दिला, चाके हलली, पोहोचली. सरासरी काढू नका. मधली किंमत आणि दर दहातला सर्वांत सावकाश कॉल पाहा, कारण जीव जातात ते त्या शेपटाकडच्या कॉलांत. ‘उचलला’ ते ‘ठिकाण नक्की झाले’ हा टप्पा वेगळा काढा. स्थानिक कक्षाचा फायदा असेल तर तिथे दिसेल, आणि नसेल तर तेही तिथेच दिसेल. पंधरा मिनिटांच्या गटांत कॉल मोजले की लोंढे किती वेळा आणि किती मोठे आले ते कळते. मग वरचे एर्लांगचे गणित तुमच्या खऱ्या आकड्यांवर करा. प्रस्तावातले उद्दिष्ट ‘फोन किती सेकंदांत उचलला’ एवढेच असेल तर ते मान्य करू नका. मोठे केंद्र ते सहज गाठते आणि गाडी तरीही उशिरा पोहोचू शकते.

एवढे करूनही विलीनीकरणाचा निर्णय झालाच, तर एक जिल्हा आधी घ्यायला सांगा, सहा महिने दोन्ही पद्धती समांतर चालवा, आणि त्याच वेळांची तुलना जाहीर करायचे लेखी घ्या. जुन्या कक्षाच्या फोन लाइन, वायरलेस सेट आणि छपरावरची अँटेना निदान वर्षभर चालू स्थितीत ठेवण्याची अट घाला, आणि महिन्यातून एकदा तिथून खरी शिफ्ट चालवा. खुर्च्या आणि टेबले पुन्हा आणता येतात. अँटेना उतरवली, वारंवारिता परत केली आणि माणसे दुसऱ्या कामावर पाठवली की तो कक्ष पुन्हा उभा करायला किमान दीड-दोन वर्षे धरा.